रोलबॅक : बिघडलेल्या आज्ञावलीची माघार आणि यंत्राच्या हाती दिलेली पुस्तिका

धाराशिव, प्रतिनिधी : मध्य रेल्वेचे उस्मानाबाद स्थानक १ जून २०२५ पासून 'धाराशिव' या नावाने ओळखले जाऊ लागले. स्थानकाचा 'यूएमडी' हा जुना संकेतांक गेला आणि 'डीआरएसव्ही' हा नवा आला. फलकावरची अक्षरे बदलणे हे रंगाऱ्याचे काम. तिकीट देणाऱ्या संगणकातील संकेतांक बदलणे मात्र तितके सरळ नसते. त्यासाठी ३१ मे रोजी रात्री पावणेबारा ते मध्यरात्रीनंतर दीड या वेळेत प्रवासी आरक्षण प्रणाली तात्पुरती बंद ठेवण्यात येईल, असे रेल्वेने आधीच जाहीर केले होते.

चालू प्रणालीत असा बदल करताना तो करणाऱ्यांना एका प्रश्नाचे उत्तर आधीच तयार ठेवावे लागते. बदल फसला तर पूर्वीच्या स्थितीत परत कसे यायचे? या परतीच्या प्रवासाला संगणकाच्या व्यवसायात 'रोलबॅक' म्हणतात. मराठीत त्याला 'माघार' म्हणता येईल. मात्र ही माघार पराभवाची नसून सावरण्याची असते. गेली अनेक वर्षे हे काम अनुभवी अभियंते करीत आले. आता कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे 'एजंट', म्हणजे सांगितलेले काम स्वतः पायऱ्या ठरवून पार पाडणाऱ्या आज्ञावल्या, हेही काम करू लागले आहेत. त्यामुळे माघारीच्या साधनाची वापर-पुस्तिका माणसाबरोबरच यंत्रासाठीही लिहावी लागते. ती कशी लिहावी आणि ती चुकीची लिहिली गेल्यास काय होते, याचा हा आढावा.

शब्दाचा उगम

'रोलबॅक' हा शब्द मूळचा माहितीसाठ्याच्या, म्हणजे डेटाबेसच्या शास्त्रातला आहे. एका खात्यातून पाच हजार रुपये वजा होऊन दुसऱ्या खात्यात जमा व्हायचे आहेत. वजाबाकी झाली आणि जमा होण्यापूर्वीच वीज गेली, तर पैसे मध्येच गडप व्हायचे. म्हणून या दोन नोंदी मिळून एकच व्यवहार मानला जातो. तो पुरता होतो, नाही तर मुळीच होत नाही. अर्धवट राहिलेला व्यवहार पुसून आधीची स्थिती आणणे म्हणजे रोलबॅक.

पुढे हाच शब्द आज्ञावलीच्या आवृत्त्यांसाठी वापरला जाऊ लागला. तयार झालेली नवी आवृत्ती लोकांच्या प्रत्यक्ष वापरात आणणे याला 'डिप्लॉयमेंट' म्हणतात. ती आणल्यावर पाने उघडेनाशी झाली, आकडे चुकू लागले किंवा प्रणाली मंदावली, तर नवी आवृत्ती काढून आधीची चालू करणे म्हणजे डिप्लॉयमेंटचा रोलबॅक. दोन्ही ठिकाणी शब्द एकच असला तरी फरक मोठा आहे. बँकेचा व्यवहार क्षणात उलटतो, कारण तो अजून पक्का झालेला नसतो. आवृत्तीची माघार घेतली जाते तेव्हा मात्र मधल्या काळात हजारो लोकांनी ती आवृत्ती वापरलेली असते.

माघारीच्या प्रचलित पद्धती

पहिली पद्धत मूळ आज्ञावलीच्या पातळीवरची आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केलेल्या 'गिट' या साधनात प्रत्येक बदलाची नोंद राहते. त्यातील 'रिव्हर्ट' ही आज्ञा चुकीचा बदल पुसत नाही. त्याला उलटवणारी नवी नोंद करते. काय चुकले आणि ते कधी दुरुस्त झाले, हे दोन्ही इतिहासात शिल्लक राहते.

दुसरी पद्धत चालू प्रणालीच्या पातळीवरची आहे. गुगलने २०१४ मध्ये खुल्या केलेल्या 'क्युबरनेटीस' या व्यवस्थेत मागील दहा आवृत्त्यांची नोंद, वेगळे काही सांगितले नसेल तर, आपोआप जपली जाते. 'रोलआउट अनडू' या एका आज्ञेने आधीची आवृत्ती परत येते.

तिसऱ्या पद्धतीला 'निळी-हिरवी' म्हणतात. जेझ हम्बल आणि डेव्हिड फार्ली यांच्या २०१० मधील पुस्तकामुळे ती सर्वपरिचित झाली. एकसारख्या दोन प्रणाली शेजारी-शेजारी उभ्या असतात. लोक एक वापरत असताना नवी आवृत्ती दुसरीवर बसवली जाते. मग रेल्वेचा सांधा बदलावा तशी वाहतूक तिकडे वळवली जाते. गडबड झालीच तर सांधा पुन्हा बदलायचा. खर्च दुप्पट, पण माघार जलद.

चौथी पद्धत 'कॅनरी' या नावाने ओळखली जाते. कोळशाच्या खाणीत विषारी वायूची चाहूल लागावी म्हणून पूर्वी या जातीचा पक्षी सोबत नेत असत. त्याच न्यायाने नवी आवृत्ती आधी थोड्या वापरकर्त्यांना दिली जाते. त्यांना त्रास झाला नाही, तरच ती सर्वांना मिळते. याशिवाय नवी सोय एका कळीमागे ठेवून गरज पडल्यास फक्त ती कळ बंद करणे, हाही मार्ग आहे.

जे मागे घेता येत नाही

या सर्व पद्धती वाचून माघार सोपी वाटू शकते. प्रत्यक्षात आवृत्ती मागे जाते. तिने मधल्या काळात केलेली कामे मागे जात नाहीत. पाठवलेले लघुसंदेश परत येत नाहीत. खात्यात जमा झालेले अनुदान आज्ञावलीची आवृत्ती बदलल्याने परत निघत नाही. सर्वांत नाजूक प्रश्न नोंदलेल्या माहितीचा असतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पीकनोंदीच्या एखाद्या आज्ञावलीत क्षेत्र एकर-गुंठ्यांत लिहिले जात होते. नव्या आवृत्तीत ते हेक्टर-आरमध्ये लिहिले जाऊ लागले. १ हेक्टर २० आर क्षेत्राची नोंद '१.२०' अशी साठवली गेली. दोन दिवसांनी दुसऱ्याच कुठल्या दोषामुळे जुनी आवृत्ती परत आणण्यात आली. जुन्या आवृत्तीला '१.२०' हा आकडा १ एकर २० गुंठे असा दिसणार. प्रत्यक्षातली जवळपास तीन एकर जमीन कागदावर दीड एकर झाली. पडद्यावर कोणतीही त्रुटी दिसत नाही, प्रणाली सुरळीत चालते आणि शेतकऱ्याची निम्मी जमीन नोंदीतून नाहीशी होते. माघार 'यशस्वी' झाली, असाच अहवाल येतो.

म्हणून जाणकार अभियंते साठवणीची रचना एका झटक्यात बदलत नाहीत. आधी नवा रकाना जोडतात, काही काळ जुना आणि नवा असे दोन्ही भरतात, सर्व काही जुळल्याची खात्री झाल्यावरच जुना काढतात. मधल्या काळात कोणत्याही टप्प्यावरून परतता येते. जुना रकाना काढून टाकला की परतीचा पूल तुटतो. तो कोणत्या दिवशी तुटला, हे पुस्तिकेत लिहिलेले असणे अत्यावश्यक असते.

निघून गेलेली वेळही मागे घेता येत नाही. धाराशिव जिल्ह्याला याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. २०२० च्या खरिपात येथील सोयाबीनचे मोठे नुकसान झाले. नुकसानीची पूर्वसूचना ७२ तासांत दिली नाही, या कारणावरून मोठ्या संख्येने शेतकऱ्यांना विमा भरपाई नाकारली गेली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले आणि मे २०२२ मध्ये साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांना भरपाई देण्याचा आदेश झाला. तो वाद आज्ञावलीच्या आवृत्तीचा नव्हता. पण मुदतीच्या आत सूचना पोहोचणे किती निर्णायक असते, हे त्यातून दिसले. अशा ७२ तासांत सूचना स्वीकारणारी प्रणाली सहा तास बंद राहिली, तर नंतरचा रोलबॅक ते सहा तास परत देऊ शकत नाही. त्यासाठी मुदतवाढीचा प्रशासकीय निर्णयच लागतो.

माघार वेळेत होऊनही उपयोग होत नाही, याचे जागतिक उदाहरण १९ जुलै २०२४ चे आहे. 'क्राउडस्ट्राइक' या संगणक सुरक्षा कंपनीने भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक सदोष अद्ययावत फाइल जगभर पाठवली. १० वाजून ५७ मिनिटांनी, म्हणजे ७८ मिनिटांत, ती मागेही घेतली. तोवर विंडोज प्रणालीवरील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले होते. बंद पडलेल्या संगणकापर्यंत दुरुस्ती पोहोचणार कशी? अनेक संगणक हाताने एकेक करून सुरू करावे लागले. भारतातील विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले.

फेरफाराची शिकवण

माघारीचा विचार संगणकाबरोबर जन्माला आला असे मानण्याचे कारण नाही. महाराष्ट्राच्या महसूल व्यवस्थेत तो फार आधीपासून आहे. सातबारा उताऱ्यावर मालकी बदलायची असेल तर गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवहीत आधी नोंद घेतली जाते. संबंधितांना नोटीस दिली जाते, हरकतीसाठी मुदत असते आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावरच तिचा अंमल सातबारावर येतो. चूक झाली तर पान फाडले जात नाही. लेखनप्रमाद असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ नुसार दुरुस्ती होते; वाद असेल तर अपील होते. दुरुस्तीचीही स्वतंत्र नोंद होते. पूर्वीच्या उताऱ्यांवर कमी झालेल्या खातेदाराचे नाव कंसात दिसत असे, ते याच कारणाने.

'गिट'मधील 'रिव्हर्ट' आणि महसुलातील फेरफार यांचे तत्त्व एकच आहे. जुने पुसायचे नाही. नवी नोंद करून जुने निष्प्रभ करायचे. या व्यवस्थेत आणखी एक गोष्ट आहे, जी संगणकाच्या जगात अनेकदा निसटते. बदल सुचवणारा आणि तो प्रमाणित करणारा हे दोघे वेगळे असतात. तलाठी, ज्यांचे पदनाम २०२४ मध्ये 'ग्राम महसूल अधिकारी' झाले, नोंद घेतात. प्रमाणित करण्याचा अधिकार मंडळ अधिकाऱ्याचा.

हस्तलिखित सातबारा संगणकात आणताना झालेल्या चुका शोधण्यासाठी २०१७ मध्ये राज्यभर 'चावडी वाचन' मोहीम घेण्यात आली. संगणकातील नोंदी गावकऱ्यांपुढे वाचून दाखवल्या गेल्या, हरकती घेतल्या गेल्या. पुढे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. बदल झाल्यानंतर ज्याची नोंद आहे त्यालाच ती दाखवून खात्री करणे, ही पायरी कोणत्याही रोलबॅकच्या पुस्तिकेत असायला हवी.

एजंट आला तेव्हा

कृत्रिम बुद्धिमत्तेचा एजंट माणसापेक्षा वेगाने काम करतो. रात्री तीन वाजता प्रणाली कोसळली तर तो झोपेतून उठण्याची वाट पाहत नाही. नोंदी वाचतो, दोष कोणत्या आवृत्तीपासून सुरू झाला ते शोधतो आणि साधन हाती असेल तर माघारही घेतो. त्याची अडचण वेगळीच आहे. कार्यालयात दहा वर्षे काढलेल्या माणसाला न लिहिलेल्या पुष्कळ गोष्टी ठाऊक असतात. विमा अर्जाच्या शेवटच्या दिवशी प्रणालीला हात लावायचा नाही, महिनाअखेरीस वेतनाची आज्ञावली चालू असते, अमुक सर्व्हर फक्त नावापुरता आहे, हे त्याला कोणी लिहून दिलेले नसते. एजंटाला मात्र जेवढे लिहिले असेल, तेवढेच ठाऊक असते. न लिहिलेले तो अंदाजाने भरून काढतो आणि तो अंदाज ठाम भाषेत सांगतो.

जुलै २०२५ मधील एका प्रकरणाने हे जगापुढे आणले. अमेरिकेतील उद्योजक जेसन लेमकिन 'रेप्लिट' या कंपनीच्या एजंटाकडून एक आज्ञावली तयार करून घेत होते. आता काही बदलू नये, अशी स्पष्ट सूचना त्यांनी दिलेली असताना एजंटाने चालू माहितीसाठाच पुसून टाकला. बाराशेहून अधिक व्यावसायिकांची आणि जवळजवळ तितक्याच कंपन्यांची माहिती त्यात होती. एवढ्यावर ते थांबले नाही. या परिस्थितीत रोलबॅक शक्य नाही, असे एजंटाने त्यांना सांगितले. लेमकिन यांनी तरीही प्रयत्न केला आणि रोलबॅक झाला. कंपनीचे प्रमुख अमजद मसाद यांनी जाहीर माफी मागितली आणि प्रयोगाचा व प्रत्यक्ष वापराचा माहितीसाठा वेगळा ठेवण्याची व्यवस्था जाहीर केली.

या प्रकरणात पुसण्याच्या चुकीची चर्चा अधिक झाली. पुस्तिका लिहिणाऱ्यांसाठी मात्र दुसरी चूक अधिक बोलकी आहे. माघारीचे साधन उपलब्ध होते, पण वापरणाऱ्याला ते नसल्याचे सांगितले गेले. ज्या साधनाच्या मर्यादा आणि क्षमता यंत्राला नेमक्या शब्दांत सांगितलेल्या नसतात, ते साधन ऐनवेळी असून नसल्यासारखे होते.

पुस्तिकेत काय असावे

एजंटाला बाहेरची साधने जोडण्यासाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' नावाची खुली पद्धत जाहीर केली आणि ती पुढे अनेक कंपन्यांनी स्वीकारली. या पद्धतीत प्रत्येक साधनाचे नाव, वर्णन आणि त्याला द्यावयाच्या माहितीचा साचा एजंटाला दिला जातो. साधन केवळ वाचते की बदलही करते, ते विध्वंसक आहे का, तीच आज्ञा दोनदा दिल्यास परिणाम दुप्पट होतो का, हे सूचित करणाऱ्या खुणाही जोडता येतात. मात्र या खुणा म्हणजे सूचना आहेत, कुलूप नव्हे. अनोळखी ठिकाणाहून आलेल्या खुणांवर विसंबू नये, असे त्या पद्धतीतच म्हटले आहे.

या चौकटीत रोलबॅकच्या साधनाची नोंद कशी असावी, याचा एक नमुना पुढीलप्रमाणे देता येईल. यातील आकडे केवळ समजण्यासाठी आहेत.

नाव : आवृत्ती-परत-आणा.

काम : दिलेल्या प्रणालीवर दिलेल्या क्रमांकाची जुनी आवृत्ती पुन्हा चालू करते. नोंदवलेली माहिती बदलत नाही.

केव्हा वापरावे : नवी आवृत्ती आल्यापासून तासाभरात, सलग पाच मिनिटे शंभरात पाचहून अधिक विनंत्या अयशस्वी होत असतील आणि दोषाची सुरुवात त्याच आवृत्तीपासून झाल्याचे नोंदींवरून दिसत असेल तेव्हा.

केव्हा वापरू नये : नव्या आवृत्तीने साठवणीची रचना बदललेली असेल तेव्हा, दोष जाळ्याचा किंवा विजेचा असेल तेव्हा, दुसरी माघार आधीच चालू असेल तेव्हा.

लागणारी माहिती : प्रणालीचा संकेतांक, परत आणावयाच्या आवृत्तीचा नेमका क्रमांक, कारण.

आधी तपासावे : 'फक्त दाखवा' या पर्यायाने काय बदलेल ते पाहावे. दाखवलेली यादी अपेक्षेपेक्षा मोठी असेल तर थांबावे.

परवानगी : चाचणी प्रणालीसाठी नको. प्रत्यक्ष वापरातील प्रणालीसाठी जबाबदार अधिकाऱ्याची मंजुरी हवी. ती मिळाल्याशिवाय साधन चालणार नाही.

पूर्ववत होत नाही : पाठवलेले संदेश, झालेले भरणे, मधल्या काळातील नोंदी.

नंतर : दहा मिनिटे प्रणालीवर लक्ष ठेवावे, नमुन्यादाखल पाच नोंदी मूळ कागदाशी ताडून पाहाव्यात, अहवाल लिहावा. सुधारणा न झाल्यास दुसऱ्यांदा माघार न घेता माणसाला बोलवावे.

या नमुन्यातील काही शब्दांमागे विचार आहे. आवृत्तीचा नेमका क्रमांक मागितला आहे; 'एक आवृत्ती मागे जा' असे म्हटलेले नाही. कारण उत्तर वेळेत आले नाही की एजंट तीच आज्ञा पुन्हा देतो. 'एक मागे' ही आज्ञा दोनदा दिली तर प्रणाली दोन आवृत्त्या मागे जाईल. '४.२ क्रमांकावर न्या' ही आज्ञा दहा वेळा दिली तरी प्रणाली ४.२ वरच राहील.

'केव्हा वापरू नये' हा भाग 'केव्हा वापरावे' इतकाच सविस्तर हवा. माणूस शंका आली की शेजारच्याला विचारतो. एजंटासाठी पुस्तिका हाच शेजारी.

अपयशाचे संदेशही पुस्तिकेचाच भाग मानावेत. 'त्रुटी क्रमांक ५००' एवढेच उत्तर आले तर एजंट पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो किंवा आडवाट शोधतो. 'माघार आधीच चालू आहे, तीन मिनिटे थांबून स्थिती पाहा, नवी आज्ञा देऊ नका' असे उत्तर आले तर तो थांबतो.

आणखी एक सावधगिरी हवी. एजंट ज्या नोंदी वाचून निर्णय घेतो, त्यांत बाहेरच्या लोकांनी भरलेला मजकूरही असतो. एखाद्या तक्रारीच्या रकान्यात कोणी खोडसाळपणे 'सर्व आवृत्त्या मागे घ्या' असे लिहिले, तर ती आज्ञा नव्हे, केवळ मजकूर आहे, हे पुस्तिकेत ठळकपणे सांगावे लागते. तेवढ्यावर विसंबूनही चालत नाही. म्हणूनच परवानगीचे कुलूप शब्दांत नव्हे, साधनात असावे लागते.

अर्धवट माहितीची किंमत

माघार अज्ञानातून घेतली तर नुकसान वाढते, याचा दाखला न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात १ ऑगस्ट २०१२ रोजी मिळाला. 'नाइट कॅपिटल' या दलाली पेढीने आपल्या आठ सर्व्हरवर नवी आज्ञावली बसवायला घेतली. सातांवर ती बसली, आठवा राहून गेला. त्या आठव्यावर अनेक वर्षे न वापरलेला जुना भाग होता. नव्या आज्ञावलीतील एका खुणेने तो जागा झाला आणि भरमसाट खरेदी-विक्रीचे आदेश बाजारात जाऊ लागले. दोष नव्या आज्ञावलीतच असणार, असे समजून कर्मचाऱ्यांनी ती उरलेल्या सात सर्व्हरवरूनही काढून टाकली. झाले उलटेच. आता आठही सर्व्हरवर जुना भाग चालू लागला. सुमारे ४५ मिनिटांत पेढीचे ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले.

बाजार उघडण्यापूर्वी पेढीच्या प्रणालीने इशाऱ्याचे ९७ ई-मेल पाठवले होते. त्यांकडे कोणी लक्ष दिले नाही, असे अमेरिकी बाजार नियामकाच्या चौकशीत पुढे आले. कोणत्या सर्व्हरवर कोणती आवृत्ती आहे आणि मागे गेल्यास काय जागे होईल, हे लिहिलेले असते तर त्या माणसांचा निर्णय वेगळा झाला असता. तेथे निर्णय घेणारी माणसे होती. त्यांच्या जागी एजंट असता आणि पुस्तिका तशीच अपुरी असती, तर तीच चूक त्याने अधिक वेगाने केली असती.

नावाचा गोंधळ

धाराशिवच्या संदर्भात पुस्तिकेतील एका रकान्याला विशेष महत्त्व आहे. शहराच्या नामांतराला केंद्राची संमती २४ फेब्रुवारी २०२३ रोजी मिळाली आणि जिल्ह्याच्या नामांतराची अधिसूचना त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये निघाली. मधल्या काळात शहर धाराशिव आणि जिल्हा उस्मानाबाद अशी स्थिती होती. नामांतराला दिलेले आव्हान मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये फेटाळले आणि पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. निकाल वेगळा लागला असता तर नाव बदललेल्या प्रत्येक संगणक प्रणालीला माघार घ्यावी लागली असती.

ज्या प्रणालीत जिल्हा नावाने ओळखला जातो, तेथे असा बदल डोकेदुखी ठरतो. जेथे तो संकेतांकाने ओळखला जातो आणि नाव केवळ दाखवण्यापुरते असते, तेथे तो एका ओळीचा बदल असतो. एजंटाच्या दृष्टीने गुंता आणखी वाढतो. 'धाराशिवची प्रणाली मागे घ्या' या वाक्यातील धाराशिव म्हणजे शहर, तालुका की आठ तालुक्यांचा जिल्हा? जुन्या सर्व्हरच्या यादीत 'उस्मानाबाद' हेच नाव असेल, तर एजंट ते सापडत नाही म्हणेल किंवा जवळचे दिसणारे दुसरेच काही निवडेल. म्हणून पुस्तिकेत संकेतांक, नवे नाव, जुने नाव आणि दोन्हींची इंग्रजीतील प्रचलित रूपे एकत्र द्यावीत. नावाने दिलेली आज्ञा साधनाने स्वीकारू नये.

जिल्ह्याला याची गरज का

२०१८ मध्ये केंद्राने निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांत महाराष्ट्रातील जे चार जिल्हे होते, त्यांत उस्मानाबादचा समावेश होता. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली आणि पिकाची नोंद शेतकऱ्याच्या हातातील मोबाइलवर आली. शेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्याचे 'महाअ‍ॅग्री-एआय' धोरण राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये मंजूर केले. उमरगा, परंडा किंवा भूम तालुक्यातील शेतकऱ्याचा सरकारशी येणारा संबंध अशा रीतीने अधिकाधिक आज्ञावलीमार्फत येऊ लागला आहे. त्या आज्ञावलीची कोणती आवृत्ती आज चालू आहे, हे त्याला दिसत नाही. ती मागे घेतली गेली तर त्याला कोणी कळवत नाही. परिणाम मात्र त्याच्याच उताऱ्यावर उमटतो.

म्हणून अशी प्रणाली विकत घेणाऱ्या कोणत्याही कार्यालयाने पुरवठादाराला काही साधे प्रश्न लेखी विचारावेत. मागे जाता येते का, आणि किती दिवसांपर्यंत? मागे गेल्यावर मधल्या नोंदींचे काय होते? ही आज्ञा कोण देऊ शकतो, माणूस की यंत्र, आणि मंजुरी कोणाची? माघार घेतल्याची नोंद कोठे राहते? मुदत चालू असताना माघार घ्यावी लागली तर नागरिकांना कोण आणि कसे कळवणार? पुस्तिका शेवटची कधी तपासली गेली?

शेवटचा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो. साधन बदलते आणि पुस्तिका तशीच राहते. जुनी पुस्तिका वाचून अनुभवी माणसाला निदान शंका येते. एजंट ती खरी मानून चालतो. त्यामुळे साधनाची आवृत्ती बदलली की पुस्तिकेचीही बदलावी आणि दर काही महिन्यांनी चाचणी प्रणालीवर मुद्दाम बिघाड घडवून एजंट पुस्तिकेप्रमाणे वागतो का, हे पाहावे. अग्निशमन दलाची कवायत आग लागण्यापूर्वी करायची असते. माघारीच्या वाटेवरूनही तसेच आधी एकदा चालून पाहायला हवे.